दोन्ही कान कातरलेली मेंढी

फोनवर कुणी मला 'मॅम' म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. दोन हजार चोवीसच्या मे महिन्यात मला दिवसातून दहा-दहा वेळा मॅम म्हटलं जात होतं, आणि दोष तरी कुणाला देणार? फॉर्मवर माझा नंबर मीच दिला होता.

सांगते. आमचं घर बजाजनगरात. मी कालिंदी. वाळूजच्या एका कंपनीत बत्तीस वर्षं लोकांचे पगार काढले, आता निवृत्त. माझे यजमान व्यंकटराव गेले त्याला सहा वर्षं झाली, मुलगा मंदार पुण्यात. वरच्या दोन खोल्या भाड्यानं दिल्यात. भाडेकरूंशी फार सलगी करायची नाही हा माझा नियम, आणि तो हनुमाननं पहिल्याच महिन्यात मोडला. माझी पाण्याची मोटर बंद पडली होती. हा बाबा आला, दुरुस्त केली, हात धुतले आणि वर निघून गेला, चहालासुद्धा थांबला नाही. असा माणूस समोर असल्यावर नियम कुठवर पाळणार?

हनुमान म्हणजे बारीक, उंच, आणि अर्धं वाक्य तोंडातच ठेवणारा. घर धनगराचं, दौलताबादच्या किल्ल्यामागच्या एका वस्तीवरचं. बाप सोनाजी आणि आई सखूबाई, दोघं जन्मभर मेंढरांमागं. हा एकटा शिकला, डिप्लोमा केला आणि वाळूजच्या एका टूलरूममध्ये लागला. टूलरूम म्हणजे पत्रा दाबून गाडीचे भाग काढायचे साचे जिथं बनतात ती जागा. हा कॉम्प्युटरवर त्या साच्यांची ड्रॉइंगं करायचा. नऊ वर्षं तेच. रिक्षाचा डावा पत्रा, रिक्षाचा उजवा पत्रा.

आणि संध्याकाळी? माझ्या हॉलमध्ये मंदारचा जुना कॉम्प्युटर झाकून ठेवलेला होता. हनुमाननं तो विचारून घेतला, कुठून कुठून सुटे भाग आणून त्यात बसवले, आणि कामावरून आला की तिथं बसून जनावरं घडवायला लागला. कुत्रं, घोडं, मेंढी. पडद्यावरचीच, पण गोल फिरवून चारी बाजूंनी बघता येतील अशी. मी म्हटलं, "हे काय खूळ घेतलंस डोक्यात?"

"काकू, पोरं मोबाइलवर गेम खेळत्यात ना, त्यातली झाडं, घरं, जनावरं कुणीतरी बसून बनवलेली असत्यात. गेम आर्ट म्हणत्यात त्याला. मला ते काम करायचंय. टूलरूम बास झालं."

इतकं लांब बोलणं मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. आणि हेच बोलणं मी पंधरा वर्षांपूर्वी मंदारच्या तोंडून ऐकलं होतं. त्याला अ‍ॅनिमेशन शिकायचं होतं. काचेच्या इमारतीतला एक क्लास होता, गारेगार एसी, भिंतीवर रंगीत चित्रं, गोड बोलणारी मुलगी. तिथं त्यानं दोन वर्षं घातली. शेवटी हातात एक गुळगुळीत सर्टिफिकेट आलं आणि त्या सर्टिफिकेटवर त्याला कुणी दारात उभं करेना. आज मंदार विमा विकतो. बरं चाललंय त्याचं, तक्रार नाही. पण त्यानंतर त्यानं पेन्सिल हातात धरली नाही आणि आम्ही दोघं त्या विषयावर कधी बोललो नाही. तो क्लास मी निवडला होता.

त्या वर्षी पाऊस आधीच दगा देऊन गेलेला. इकडं बिडकीनच्या रस्त्याला रोज नवा बोर्ड लागत होता, प्लॉटचे भाव चढत होते, आणि तिकडं वस्तीवर जनावराला प्यायला पाणी नव्हतं. चरायच्या रानांना प्लॉटिंगवाल्यांनी तारा ठोकलेल्या. सोनाजी दोन वर्षांपूर्वीच गेले होते. सखूबाईंनी एकटीनं फेब्रुवारीपर्यंत रेटलं, मग होती नव्हती ती सगळी मेंढरं विकली आणि एक कापडी पिशवी काखेत धरून लेकाकडं आल्या. ती पिशवी त्यांनी माझ्यासमोर हनुमानच्या हातात ठेवली.

"तुला ते कायसं शिकायचंय ना, शीक. पर नीट बघून शीक. मेंढरं काय परत येत नसत्यात."

त्यानंतर बाई बोलायच्याच बंद झाल्या. जिन्याच्या पायरीवर बसून राहायच्या. गल्लीतून एखादी शेळी गेली तर मान वळवायच्या, ती दिसेनाशी होईपर्यंत बघायच्या आणि पुन्हा खाली बघत बसायच्या. शीला, हनुमानची बायको, पॅकिंगच्या कामावरून दमून यायची, आल्या आल्या सासूला कंपनीतल्या गमतीजमती सांगायची. बाई ऐकायच्या, पण हसायच्या नाहीत. म्हणजे हनुमानला नुसता कोर्स निवडायचा नव्हता. तो फसला असता तर आईचा अख्खा कळप मातीत गेला असता, आणि हे तिला सांगणार कुठल्या तोंडानं?

त्यानं ऑनलाइन शिकवणारी तीन ठिकाणं काढली. पहिलं फार मोठं. वर्षभराचा कोर्स, नोकरीची 'शंभर टक्के हमी', जाहिरातीत टाय लावलेली हसरी पोरं. दुसरं परदेशी सर्टिफिकेटचं. व्हिडिओ आधीच भरून ठेवलेले, तुमचे तुम्ही बघत बसा. तिसरं ठिकाण म्हणजे मनस्विनी नावाची एक बाई. हैदराबादला एका गेम कंपनीत कामाला, मूळची आपल्याकडचीच, आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी बारा जणांना मराठीतून शिकवते. तिची वेबसाइट इतकी साधी, की मला वाटलं अजून बांधकाम चालू आहे.

टूलरूममध्ये दिवसा फोन घेता येत नाही, म्हणून पहिल्या दोन ठिकाणी माझा नंबर दिला. आणि सुरू झालं की हो! मी कुकर लावतेय, फोन. मी टँकरचा पाइप हातात धरून उभी, फोन. "मॅम, करिअरबद्दल सीरियस आहात ना मॅम? आज शेवटची तारीख आहे मॅम, उद्यापासून फी वाढणार." ती शेवटची तारीख रोज यायची. एकदा मी त्या पोराला म्हटलं, "बाळा, मी त्रेसष्ट वर्षांची आहे. मला शिकवशील का गेम आर्ट?" पोरगा जराही अडखळला नाही. "श्युअर मॅम! वयाची काहीच अट नाही!" मी फोन ठेवला आणि देवासमोर जाऊन बसले.

आणि तरीही, खोटं कशाला बोलू, मला आतून पहिलंच ठिकाण बरं वाटत होतं. हमी छापलेली होती ना! जन्मभर कागद बघून सही करणारी मी, छापलेल्या अक्षराला भुलतेच. "हनुमान, तेच घे," मी म्हटलं. तो म्हणाला, "हं." त्याच्या 'हं'चा अर्थ व्हय की नाय हे शीलालासुद्धा कळत नाही.

शेवटी मी मंदारला फोन लावला. पाणी, ऊन, गुडघे असं सगळं झाल्यावर विचारलं, "मंदार, असा कोर्स घ्यायचा तर काय बघावं रे?"

"आई, त्याला सांग, स्वतः केलेलं एक काम तिन्हीकडं पाठव. आणि चूक कोण काढतं ते बघ. मला त्या क्लासमध्ये दोन वर्षांत एकानंही चूक दाखवली नाही. सगळं सुपर्ब, सगळं एक्सलंट. बाहेर पडल्यावर पहिल्याच मुलाखतीत समोरच्यानं पाच मिनिटांत बारा चुका दाखवल्या."

"मला का नाही सांगितलंस तेव्हा?"

"तू किती खुशीत होतीस गं. सर्टिफिकेटला फ्रेम करून आणली होतीस."

ती फ्रेम अजून माळ्यावर आहे.

हनुमाननं मेंढी पाठवायची ठरवली. पाच-सहा संध्याकाळी तिच्यावर खपला. लोकर, नाक, गुडघ्यांवरचे घट्टे, डोळ्यांतला तो खुळा भाव. कानाला घरची खूणसुद्धा केली. मेंढरं पाळणारे लोक आपापल्या जनावराचा कान जरासा कातरतात, म्हणजे दोन कळप एकमेकांत मिसळले तरी कुठलं कुणाचं ते कळतं. मला तर वाटलं ती मेंढी आत्ता ओरडेल. रविवारी तिन्हीकडं पाठवली.

पहिल्यांचं उत्तर दहा मिनिटांत. 'वॉव! अमेझिंग टॅलेंट!' दुसऱ्यांचं अर्ध्या तासात, सोबत अंगठे, टाळ्या, फुलं. मनस्विनीबाईंचं उत्तर सोमवारी नाही, मंगळवारी नाही, बुधवारीही नाही. मी अशी उखडले! "शिकवायचं नसेल तर दुकान कशाला मांडायचं? नुसतं 'मिळालं' म्हणायला काय हात दुखतात का?" हनुमानचं तोंड एवढंसं झालं. त्याला वाटलं, आपलं काम इतकं भिकार, की बाईला उत्तर द्यायचीसुद्धा लाज वाटली.

गुरुवारी संध्याकाळी पहिल्यांचा फोन आला. सहा वाजेपर्यंत पूर्ण फी भरली तर जागा, नाही तर एकदम पुढच्या वर्षी. या वेळी त्या पोराचा आवाज जरा वेगळा लागला, खरा वाटला. आणि मीच माती खाल्ली. म्हटलं, "मंदार म्हणतो ते ठीक आहे, पण तुझ्या मेंढीत चूकच नसेल तर ते काढतील कुठून?" शीलानंही मान डोलावली. तिसरीकडून तर उत्तरच नाही. हनुमाननं फी भरायचं पान उघडलं. पडद्याच्या एका बाजूला मेंढी, दुसऱ्या बाजूला ते पान. आकडे टाकायला लागला. घाम मात्र मला सुटला होता.

तेवढ्यात सखूबाई रिकामी बादली घेऊन मागच्या नळाकडं चालल्या होत्या. पडद्यासमोर आल्या आणि थांबल्या. बादली खाली ठेवली, पुढं वाकल्या.

"ही कुणाची रं?"

"आपलीच हाय की माय. मी बनवली."

"आपली?" तीन महिन्यांत पहिल्यांदा बाईंचा आवाज चढला. "आपली कामून आसंल? आपली खूण डाव्या कानाला. सांडूभावजींच्या घरची उजव्याला. हिचे तर दोन्ही कान कातरल्यात. आसली मेंढी चोरीची आसती. एक खूण धन्याची, न् दुसरी चोरानं मागून केलेली. तुझ्या बापानं आसलं जनावर कधी दारात उभं राहू दिलं नाय, न् तू म्हणतो आपली?"

हनुमान आ वासून पडद्याकडं बघत राहिला. मग त्यानं थाडकन कपाळावर हात मारला.

"मिरर मारला ना मी, काकू!"

मला काही कळेना. मग त्यानं समजावलं. टूलरूममध्ये डावा पत्रा काढायचा आणि एक बटण दाबायचं, आरशात दिसावा तसा उजवा आपोआप तयार. नऊ वर्षं हाताला तीच सवय. मेंढीचीही त्यानं डावी बाजू घडवली आणि सवयीनं बटण दाबलं. डाव्या कानाची खूण जशीच्या तशी उजव्या कानावर गेली. मेंढराच्या पाठीवर हात ठेवून चालायला शिकलेला हा पोरगा, आणि त्याला पाच-सहा दिवसांत ते दिसलं नव्हतं.

"अरे पण त्या दोघांना दिसलं नाही?" मी म्हणाले. "खूण वगैरे जाऊ दे, त्यांना नसेल ठाऊक. पण दोन्ही कान एकाच जागी, एकाच मापात फाटलेले, हे शिकवणाऱ्याला दिसू नये?"

"त्यांनी बघितलीच नाय, काकू."

त्यानं फीचं पान बंद केलं. सहाला सात मिनिटं कमी होती. तेवढ्यात फोन वाजलाच. मी उचलला आणि म्हटलं, "तुमच्याकडं आमची मेंढी आली आहे. तिच्या कानात काय चूक आहे ते सांगा, या क्षणी पैसे भरते." "मॅम, ते आमचे एक्स्पर्ट तुम्हाला नंतर..." मी फोन कट केला. देवाशपथ सांगते, इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. सखूबाई तोवर बादली उचलून नळाकडं गेल्यासुद्धा होत्या.

शुक्रवारी सकाळी मनस्विनीबाईंचं उत्तर आलं. वीस मिनिटांचा व्हिडिओ. सुरुवातीलाच म्हणाली, "उशीर झाला, माफ करा. नीट बघितल्याशिवाय मी बोलत नाही, आणि नीट बघायला आज वेळ मिळाला." मग मेंढी फिरवून फिरवून एकेक सांगायला लागली. "कानाची खाच दोन्हीकडं हुबेहूब सारखी आहे, म्हणजे तुम्ही मिरर वापरलात. ही खाच कुणीतरी हातानं कापलेली असणार ना? मग ती एकाच कानाला हवी आणि कापणाऱ्याचा हात तिच्यात दिसायला हवा. चारही पायांवर सारखाच भार आहे, असं जिवंत जनावर उभं राहत नाही. पोटाखालची लोकर स्वच्छ आहे, ती बसते कुठं मग?" अशा नऊ चुका. शेवटी म्हणाली, "पण डोळे तुम्ही बघून केलेत. ते शिकवता येत नाहीत."

हनुमाननं तो व्हिडिओ तीनदा बघितला. नऊ चुका ऐकून एवढा खूश झालेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

शनिवारी तिच्याशी समोरासमोर बोलणं झालं, म्हणजे पडद्यावर. मी मध्ये तोंड घातलंच. "नोकरीची हमी आहे का हो तुमच्याकडं?"

"नाही काकू," ती हसून म्हणाली. "हमी देणारी मी कोण? दर आठवड्याला चुका दाखवीन, एवढं सांगते. आधी दोन महिन्यांचेच पैसे भरा. जमत नाही वाटलं तर तिथंच थांबा, मला अजिबात वाईट वाटणार नाही. आणि हनुमान, टूलरूम इतक्यात सोडायची नाही हं."

माझा जीव भांड्यात पडला. पिशवीतला जेमतेम एक कोपरा लागला. बाकीचे पैसे सोमवारी मी आणि सखूबाई पोस्टात जाऊन त्यांच्या नावावर ठेवून आलो.

मग आमच्या हॉलमध्ये वर्षभर शाळाच भरली. हनुमान कामावरून आला की कॉम्प्युटरपुढं, आणि त्याच्या मागं स्टुलावर सखूबाई. पहिल्या आठवड्यात त्या नुसत्या बघायच्या. मग एक दिवस राहवेना. "तिचा मागला पाय ढिला सोड की. उभी राह्यली का ती एक पाय ढिला सोडती." आणि बाई उठून, लुगडं सावरून, मेंढी कशी उभी राहते ते माझ्या हॉलमध्ये उभं राहून दाखवायला लागल्या! शीला हसून हसून भिंतीला टेकली. बाई आधी चिडल्या, मग त्यासुद्धा हसल्या. मी चहा ठेवायच्या निमित्तानं आत गेले आणि तिथं डोळे पुसले. तोंड मिटून बसलेलं माणूस बोलायला लागलं, की घराला किती हलकं वाटतं! पुढं तर त्यांनी उच्छाद मांडला. लोकर कशी चिकटते, तहानलेली मेंढी मान कशी टाकते, पिल्लू कुठून ढुशी मारतं. मनस्विनीबाई एकदा म्हणाली, "हनुमान, या आठवड्यात फक्त तीन चुका. कुणाला विचारून केलंस?" त्यानं कॅमेरा मागं फिरवला. सखूबाईंनी पदरानं तोंड झाकलं.

दुसऱ्या वर्षी जुलैत पुण्याच्या एका गेम कंपनीनं त्याला घरून काम करायला घेतलं. पत्र हातात पडेपर्यंत त्यानं टूलरूममध्ये अक्षर काढलं नाही. पहिलंच काम मेंढ्यांच्या कळपाचं. मंदार दिवाळीला आला तेव्हा हनुमानच्या शेजारी खुर्ची ओढून बसला, म्हणाला, "त्या तिसरीची सावली चुकलीय बघ." दोघं दुपारभर उठले नाहीत. जेवण दोनदा गरम केलं मी, आणि एकदाही ओरडले नाही.

डिसेंबरात तो गेम बाहेर आला. हनुमाननं आम्हा सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं, सखूबाई पुढं स्टुलावर. डोंगराच्या सोंडेवरून कळप खाली उतरला. बाई पडद्याला बोट लावून एकेकीचा कान बघत राहिल्या. डावा कातरलेला, उजवा कोरा. हिचाही. तिचाही.

"समदी आपलीच हायती," बाई म्हणाल्या.

हनुमाननं मोठा श्वास सोडला. मला वाटलं झालं, आता पेढे काढावेत. पण बाई अजून पडद्याकडंच बघत होत्या.

"पाणी हाय का रं तिथं?"

"हाय, माय." त्यानं माउस सरकवला. कळप वळण घेऊन खाली गेला, खाली ओढा होता. मेंढ्या काठाला गेल्या आणि माना खाली घातल्या. दोन-तीन मागंच होत्या, त्या हळूहळू येत होत्या. हनुमान पुढचं दाखवायला म्हणून माउस फिरवणार, तेवढ्यात बाईंनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"थांब. मागच्या येऊ दे. समद्या पिऊ दे."